पाचवा रविवार

बिशप हाऊसचा कागद आधी कन्नडमध्ये आला,
मागून मराठीत.
सातनाळ, करंजाळे, हुळकोप्प:
तीन वेद्या, एक फादर.
पहिला आणि तिसरा रविवार आमचा, सकाळी सात.
दुसरा करंजाळ्याचा.
चौथा हुळकोप्पचा, कन्नडमध्ये.
पाचव्याबद्दल काही नव्हतं.
"पाचवा असतो कुठं," म्हणाले कैतान मास्तर,
आणि कॅलेंडर उलटून गप्प झाले.

आमच्या फाट्यावरच्या पाटीला
माझ्या देखत तीनदा डांबर फासलंय,
कधी यांनी, कधी त्यांनी.
रेघ ओढायला मोर्चे लागतात, लाठ्या, कोर्टाच्या तारखा.
पुसायला एक शिक्का पुरला.

बस्त्याव गेल्यापासून किल्ली माझ्याकडे,
घंटा मीच ओढते.
खरं फादर नसेल त्या रविवारी
ओढायची की नाही?
पहिल्यांदा नाही ओढली.
माणसं तरी आलीच, इस्त्रीच्या कपड्यांत,
पायरीवर बसून काजूच्या भावाचं बोलली,
नऊला उठली.
पुढच्या वेळी ओढली.
कुत्री भुंकली, तेवढंच.

फादर अल्वीन होन्नावरचे, वय एकतीस.
मराठीत घंटेला "तो" म्हणतात.
एकदा पवित्र आत्म्याला "ती" म्हणाले आणि लाजले.
फिलू आजी म्हणाली, राहू दे बाबा,
बघितलंय कुणी?

पावसाच्या आधी वह्या हलवल्या,
तिन्ही गावांच्या, करंजाळ्याच्या लोखंडी कपाटात,
डांबराच्या गोळ्यांच्या वासात.
टेम्पोत मी पुढं बसले, मांडीवर आमची लग्नाची वही.
चाळीस वर्षांमागं याच रस्त्यानं उलट आले होते,
मांडीवर पत्र्याची पेटी.
खालच्या फळीवर करंजाळ्याची बाप्तिस्म्याची वही, त्यात मी:
रुझाय, इनास बारदेस्करची तिसरी मुलगी.
वरच्या फळीवर सातनाळची, त्यात मी:
बस्त्यावची बायको.
मध्ये एक पत्रा.
एवढ्यासाठी मी नाल्यापर्यंत रडले होते?
वहिनी म्हणाली, बरं झालं, आता सगळं एकच.
मला नाही बरं वाटलं.
माहेर आणि सासर एका कपाटात गेल्यावर
बाईनं रुसून जायचं कुठं?

जूनमधला पाचवा रविवार कुणालाच मिळाला नाही,
फादर तापानं पडले होते.
ऑगस्टातला आला.
आम्ही म्हणालो, माणसं आमच्याकडं जास्त.
करंजाळे म्हणालं, वह्या आमच्याकडं.
हुळकोप्पवाले काही म्हणाले नाहीत,
वेदीला नवीन कापड शिवून बसले.

नाल्यात मोटरसायकल बंद पडली.
"येऊलालेत, येऊलालेत," करत
आमची पोरं पंप घेऊन धावली. पंक्चर नव्हतंच.
पलीकडून माझा भाचा प्लगपाना घेऊन.
मागून हुळकोप्पचा चिन्नप्पा, ट्रॅक्टर.
नऊ वाजले. दहा वाजले.
फादर मोरीच्या कठड्यावर मोजे पिळत बसलेले.
मिस्सा कुठंच झाली नाही.
फिलू आजीनं डबा उघडला:
सान्नां सतरा, माणसं तीसच्या वर.
चमत्कार वगैरे नाही,
अर्धी अर्धी आली.

मग फादरनी पिशवीतून वही काढली, ओली झालेली,
पेनाचं टोपण उघडून विचारलं,
आजचा रविवार कुठल्या गावाच्या नावानं लिहू?
करंजाळ्यानं आमच्याकडं बघितलं,
आम्ही हुळकोप्पकडं.
चिन्नप्पा ट्रॅक्टरचं चाक बघत होता.

मी कमरेची किल्ली चाचपली.
सकाळी घंटा ओढून तशीच धावत आले होते.
दार उघडंच राहिलं होतं.